स्पीकर दाराबाहेर, आवाज आत

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर सांगता येईल. नाशिकला फ्लॅट. बाथरूम ५ बाय ७ फुटांचं, भिंतीवर स्टोरेज गीझर, एक लहान खिडकी, एक्झॉस्ट फॅन आहे पण दोन वर्षांपासून बंद. वडील ७६ वर्षांचे. आंघोळ करताना त्यांना अभंग आणि सकाळच्या बातम्या लागतात, म्हणून घरातला स्मार्ट स्पीकर तुम्ही बाथरूममधल्या लॉफ्टच्या कडप्प्यावर ठेवलात आणि गीझरच्या पॉइंटमध्ये मल्टीप्लग लावून त्यातून त्याला करंट दिलात. पंधरा दिवस छान चाललं. आता आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो आणि वडिलांनी तीनदा हाक मारली तर एकदा ओ देतो. तुमचं विचारणं असं, की तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून ठेवला तर चालेल का, आणि नाही चालत तर कुठला वॉटरप्रूफ घ्यावा. आणि शेवटी जाता जाता एक ओळ टाकली आहे, "पडले-बिडले तर हाक तरी मारता येईल."

मला तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या ओळीत दिसतो. गाणी हे निमित्त आहे. त्याच्याकडे येतोच, पण आधी करंटचं बोलू, कारण ते काम आजच्या आज करायचं आहे.

माझं पुण्यात दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. त्याआधी पाच वर्षं एका वायरमनच्या हाताखाली घरोघरी पॉइंट काढत फिरलो. त्यामुळे बाथरूममध्ये कुठलीही वस्तू दिसली की आधी तिची वायर कुठून आली आहे ते बघतो, वस्तू नंतर.

तर तो मल्टीप्लग आज काढा. गीझर २ किलोवॉटचा असेल तर ९ अँपियरच्या आसपास ओढतो, ३ किलोवॉटचा असेल तर १३. त्याला स्वतःचा १६ अँपियरचा पॉइंट दिलेला असतो तो एवढ्याचसाठी. मध्ये शंभर रुपयांचा मल्टीप्लग घातला की पिना सैल बसतात, सैल बसल्या की तापतात, आणि वाफेत पत्रा काळा पडत गेला की आणखी तापतात. माझ्याकडे असे वितळलेले मल्टीप्लग लोक पिशवीत घालून घेऊन येतात आणि विचारतात, "गीझर खराब झाला का हो?" गीझर ठणठणीत असतो. शिवाय गीझर बंद करायला कुणी बटण दाबलं की तुमचा स्पीकरही बंद, म्हणजे ज्या हाकेच्या भरवशावर तुम्ही तो ठेवला आहे ती हाक त्या क्षणी ऐकायला कुणीच नाही.

दुसरी गोष्ट स्पीकरच्या अ‍ॅडॉप्टरची. स्पीकरमध्ये जाणारी पातळ वायर बारा-चौदा व्होल्टची असते, तिच्याने सहसा कुणाला काही होत नाही. पण अ‍ॅडॉप्टरच्या अलीकडे २३० व्होल्ट आहेत. अ‍ॅडॉप्टरवर चौकोनात चौकोन अशी खूण असते, तिचा अर्थ आत दुहेरी इन्सुलेशन आहे. ती खूण पाण्यासाठी नाही, वाफेसाठी तर मुळीच नाही. डबीचे दोन अर्धे जिथे जोडलेले असतात तिथून दमट हवा आरामात आत जाते. आत सर्किट बोर्डावर २३० व्होल्टची बाजू आणि बारा व्होल्टची बाजू यांच्यामध्ये काही मिलिमीटरची मोकळी पट्टी सोडलेली असते, बऱ्याचदा तिथे बोर्डाला चीरही पाडलेली असते. ती पट्टी कोरडी आणि स्वच्छ राहील हे गृहीत धरून सगळं सुरक्षित आहे. तिच्यावर धूळ बसली आणि त्या धुळीने रोज सकाळी ओल धरली, तर ती पट्टी नावाला उरते. आणि मग एखाद्या दिवशी गाणं बंद पडतं म्हणून ओल्या पायांनी, ओला हात वर करून कुणीतरी प्लग हलवून बघतं.

इथे लोक म्हणतात, आमच्याकडे एमसीबी आहे, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच. एमसीबी वायरीचं रक्षण करतो, माणसाचं नाही. १६ अँपियरचा एमसीबी १६ अँपियरच्या पुढे गेल्याशिवाय हलत नाही, आणि माणसाला त्याचा पाचशेवा भागसुद्धा जड जातो. माणसासाठी असतो तो आरसीसीबी, करंट कुठे गळायला लागला की वीज तोडणारा स्विच, ज्याला जुने वायरमन अजून ईएलसीबी म्हणतात. तो ३० मिलिअँपियरचा हवा. त्याच्यावर एक छोटं टेस्टचं बटण असतं, ते दाबल्यावर खटकन घरातली वीज गेली पाहिजे. तुमच्या घरातल्या मेन बोर्डात तो आहे का बघा, असेल तर महिन्यातून एकदा बटण दाबून बघा. नसेल तर स्पीकरवर खर्च करण्याआधी तो बसवा. हे मी स्पीकर बाहेर ठेवलात तरी सांगीन, कारण गीझर तर आतच राहणार आहे.

माझा एक मेहुणा लंडनजवळ राहतो. त्याच्या बाथरूममध्ये पहिल्यांदा गेलो तेव्हा भिंतीवर प्लग लावायला जागाच सापडली नाही. फक्त दाढीच्या मशीनसाठी एक बारका सॉकेट, तोही आत वेगळा ट्रान्सफॉर्मर असलेला. आणि दिव्याला बटण नाही, छतातून लोंबणारी दोरी ओढायची. मला आधी हसू आलं. मग लक्षात आलं, की तिथला नियम साध्या माणसाला चूक करायची संधीच देत नाही. आपल्याकडे टब नसतो, बादली नाहीतर शॉवर, पाणी सगळ्या खोलीभर, त्यामुळे आपलं अख्खं बाथरूमच ओली जागा धरून चालायला हवं. ५ बाय ७ मध्ये तर कोरडा कोपरा असा नाहीच.

आता वाफ. लोक पाणी उडण्याला घाबरतात आणि स्पीकर उंच ठेवतात. तुम्हीही तेच केलंत. पण वाफ वर जाते. गरम हवा हलकी असतेच, त्यात पाण्याची वाफ मिसळलेली हवा कोरड्या हवेपेक्षा आणखी हलकी असते. म्हणजे लॉफ्टचा कडप्पा ही बाथरूममधली सगळ्यात दमट आणि गरम जागा. पाण्याच्या शिंतोड्यांपासून वाचवायला तुम्ही स्पीकर नेऊन वाफेच्या तोंडी दिलात.

थोडा हिशोब करून दाखवतो, कारण "थोडीशीच तर वाफ असते" हे वाक्य मी दुकानात रोज ऐकतो. ५ बाय ७ फूट आणि ८ फूट उंची, म्हणजे साधारण ८ घनमीटर हवा. ३० अंशांवर एक घनमीटर हवा ३० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात धरू शकते, २० अंशांवर फक्त १७ ग्रॅम. आंघोळीनंतर बाथरूम ३० अंशांवर वाफेने गच्च भरलेलं असेल तर त्या हवेत जवळजवळ २४० ग्रॅम पाणी तरंगत असतं. ते थंड होऊन २० अंशांवर आलं की त्यातलं शंभर ग्रॅम पाणी हवेला धरता येत नाही. अर्धा पेला पाणी. ते कुठे जातं? आरशावर, टाइल्सवर, नळावर, आणि तुमच्या स्पीकरवर आणि स्पीकरच्या आत. नाशिकच्या जानेवारीत टाइल्स आणि वस्तू रात्रभर गार पडलेल्या असतात, तेव्हा तर कढत पाण्याची पहिली बादली भरतानाच सगळ्याला घाम फुटतो. फ्रिजमधून काढलेल्या बाटलीला फुटतो तसा.

आत काय होतं ते एकदा बघण्यासारखं असतं. मागच्या हिवाळ्यात असाच एक स्पीकर आला होता, वर्षभर बाथरूममधल्या कोनाड्यात राहिलेला. बाहेरून नवा दिसत होता, फक्त कापडी जाळीला कोंदट वास, पावसाळ्यात दप्तर न वाळवता ठेवल्यासारखा. तळाचं रबर सोलून स्क्रू काढले तर पहिल्या स्क्रूच्या डोक्यावरच तांबडा गंज. बोर्ड बाहेर काढला. माइकच्या भोकाभोवती भिंगातून पाहिलं, तर सोल्डरच्या कडेने हिरवट-पांढरी पावडर जमलेली, आणि एका बारीक आयसीच्या (चिपच्या) दोन पायांच्या मध्ये केसापेक्षा पातळ, फांद्या फुटल्यासारखी चंदेरी रेघ. ओल आणि करंट दोन्ही एकत्र असले की धातू असा विरघळून एका पायाकडून दुसऱ्याकडे सरकतो. ती रेघ पूर्ण जोडली गेली की शॉर्ट. स्पीकर सतत चालू असतो, रात्रंदिवस माइक कान लावून बसलेला, म्हणून त्याच्यात ही गोष्ट रेडिओपेक्षा लवकर घडते. पूर्वी आंघोळीला ट्रान्झिस्टर नेत असत, तो आंघोळ झाली की बंद होऊन बाहेर येत असे आणि सेलवर चालत असे. तो वर्षानुवर्षं टिकायचा याचं गुपित एवढंच.

वाफेच्या जोडीला बाथरूममधल्या आणखी दोन गोष्टी आहेत ज्यांचा कुणी विचार करत नाही. एक साबण. साबणाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जास्त पसरतं, बारीक भोकांत आणि जाळीत साधा थेंब अडकून राहील तिथे साबणाचा थेंब झिरपतो. दुसरं, टाइल्सवरचे बोअरच्या पाण्याचे डाग घालवायला आपण जे ॲसिड ओततो ते. त्याचा धूर तांब्यावर आणि पिनांवर किती झपाट्याने बसतो ते बघायचं असेल तर बाथरूममधल्या जुन्या होल्डरची पितळी पट्टी बघा. माझा अंदाज असा, की बाथरूमच्या वस्तूंमध्ये मला जो हिरवेपणा दिसतो त्यातला बराचसा पाण्यापेक्षा त्या ॲसिडचा असतो.

पिशवीचं उत्तर आता तुमचं तुम्हालाच देता येईल. पिशवीत जी हवा बंद होते ती बाथरूमचीच दमट हवा. स्पीकर स्वतः थोडा गरम असतो, पिशवी बाहेरून गार होते, आतल्या बाजूला थेंब जमतात आणि खाली ओघळून वायरीच्या तोंडाशी गोळा होतात. वायर बाहेर काढण्यासाठी पिशवी कुठेतरी उघडी असणारच, तिथून नवीन वाफ आत येते पण वाळायला वारा आत जात नाही. नुसता ठेवलेला स्पीकर निदान दुपारपर्यंत सुकतो तरी. पिशवीतला सुकत नाही. आणि माइकवर प्लास्टिक आलं की तीनदा हाक मारून एकदा ओ, हे आणखी बिघडणार.

"मग वॉटरप्रूफ कुठला?" यासाठी आयपी नंबर समजून घ्या, मग दुकानदार काही सांगो. आयपीच्या पुढे दोन अक्षरं असतात. पहिलं धुळीसाठी, दुसरं पाण्यासाठी. आयपीएक्स४ म्हणजे चहूबाजूंनी शिंतोडे उडाले तरी चालतील. आयपीएक्स७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बुडाला तरी चालेल. एक्सचा अर्थ शून्य नाही, त्या बाबतीत रेटिंग दिलेलं नाही इतकाच. आता मेख अशी, की या दोन्ही चाचण्या साध्या, गार, बिनसाबणाच्या पाण्याने आणि नव्या कोऱ्या वस्तूवर होतात. वाफेची चाचणी त्यात नाहीच. बुडवलेली वस्तू काही मिनिटं पाणी बाहेर अडवते, पण वाफेत रोज ठेवलेली वस्तू श्वास घेते: आंघोळीच्या वेळी आतली हवा तापून थोडी बाहेर ढकलली जाते, नंतर थंड होताना सिलच्या फटीतून दमट हवा आत ओढली जाते. रोज थोडी थोडी. रबराचं सिल दोन वर्षांत कडक झालं की जरा जास्त. आयफोनसारखा पाण्यात चालणारा फोनसुद्धा सॉना किंवा स्टीम रूममध्ये नेऊ नका असं कंपनीच सांगते, ते याचमुळे.

आपल्याकडे घरोघर दिसणारे इको डॉट किंवा नेस्ट मिनी यांना पाण्याचं कुठलंच रेटिंग नाही. ते हॉलमध्ये ठेवायचे म्हणूनच बनवले आहेत. होमपॉड मिनीच्या माहितीत तर तापमान ० ते ३५ अंश आणि आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत, तीही नॉन-कंडेन्सिंग असं लिहिलेलं असतं. नॉन-कंडेन्सिंग म्हणजे वस्तूवर दव धरता कामा नये. म्हणजे आरशावर वाफ धरली की वापराची अट तिथेच मोडली. सोनोस रोमसारखे आयपी६७ चे, माइकवाले, बॅटरीवर चालणारे स्पीकर मिळतात, पण ते महाग आहेत आणि वाफेचं वरचं म्हणणं त्यांनाही लागू आहे. रोज वीस मिनिटं आत नेऊन परत बाहेर आणायचे, तर ठीक. कायम आत ठेवायला मी तेही सांगणार नाही.

अर्थात, सगळ्यांची परिस्थिती सारखी नसते हे मान्य. मोठं बाथरूम, कोरडा भाग वेगळा, चालणारा एक्झॉस्ट आणि कोमट पाण्याची आंघोळ असेल तर एखादा स्पीकर तिथे पाच वर्षं टिकतो, असे मी पाहिले आहेत. बादलीने आंघोळ करणाऱ्यांकडे वाफ कमी पण शिंतोडे जास्त, शॉवरवाल्यांकडे उलटं. विदर्भातल्या उन्हाळ्यात बाथरूम तासाभरात खडखडीत वाळतं. रत्नागिरीला जुलैमध्ये बाहेरच्याच हवेत आर्द्रता ८५-९० टक्के, तिथे एक्झॉस्ट लावून तरी कुठली कोरडी हवा आत येणार? कोकणात हवेत मीठही असतं, तिथला गंज वेगळाच. तुमचं नाशिक त्या मानाने सोपं आहे, पण हिवाळ्याचे तीन-चार महिने टाइल्स गार आणि पाणी कढत, आणि वडिलांच्या वयाला पाणी कढतच लागणार. तुमच्या बाबतीत मी जोखीम घेणार नाही.

एक्झॉस्ट मात्र दुरुस्त करा, स्पीकर असो नसो. मी माझ्या घरी तीनचारशे रुपयांचं आर्द्रतेचं डिजिटल मीटर बाथरूममध्ये महिनाभर लावून ठेवलं होतं. फॅन चालू ठेवला आणि दाराखालून हवा येऊ दिली की आकडा अर्ध्या तासात बाहेरच्या खोलीजवळ यायचा. फॅन बंद आणि दार लावलेलं असलं की बायको कपडे धुवायला आत जाईपर्यंत नव्वदच्या वरच अडकलेला. (हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या बाथरूमच्या आत गॅस गीझर असेल तर स्पीकर-बिकर राहू द्या. गाण्याचा आवाज शेजारी जातो किंवा गारठा येतो म्हणून खिडकी लावून घेऊ नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो, आणि गुंगी येते ती कळायच्या आत येते. तो गीझर बाहेर गॅलरीत न्या.)

आता मी तुमच्या जागी काय करीन ते सांगतो.

स्पीकर बाथरूमच्या दाराबाहेर, पॅसेजच्या भिंतीवर, दारापासून चार-पाच फुटांवर, खांद्याच्या उंचीला. अगदी दाराला लागून नको, कारण दार उघडलं की सगळी वाफ आधी तिथेच येते. दारावर व्हेंटिलेटरची झडप असेल तर तिच्या समोर नको. फ्लॅटमध्ये बाथरूमला बहुतेक पीव्हीसीचं पातळ दार असतं आणि खाली अर्धा इंच फट, त्यातून आवाज व्यवस्थित आत जातो. उलट बाहेरून आत ऐकण्यापेक्षा आतून बाहेर हाक जाणं अवघड असतं, पण गंमत म्हणजे आतला स्पीकरही काही फार बरं ऐकत नाही. टाइल्सवरून आवाज आपटून घुमतो, वरून पाण्याचा आणि फॅनचा खळखळाट. माझ्या अनुभवात दाराबाहेरचा स्पीकर पाणी चालू असताना आतल्याइतकंच ऐकतो. तरी एकदा स्वतः करून बघा: नळ पूर्ण सोडा, दार लावा आणि वडील ज्या आवाजात बोलतात त्या आवाजात हाक मारा. तुमच्या आवाजात नको.

आणि बातम्यांसाठी हाक मारायची गरजच कशाला? ॲपमध्ये रुटीन लावता येतं. वडील रोज ज्या वेळेला आंघोळीला जातात त्या वेळेला आपोआप आधी बातम्या, मग अभंग, असं एकदा बसवून द्या. म्हाताऱ्या माणसाला "अमुक तमुक लाव" असं एका यंत्राला दहादा सांगायला लावणं मला तरी बरं वाटत नाही.

आवाज आत कमी पडत असेल तर एक साधा, बॅटरीवर चालणारा, आयपीएक्स७ किंवा आयपी६७ चा छोटा ब्लूटूथ स्पीकर घ्या आणि बाहेरच्या स्मार्ट स्पीकरला जोडून द्या. इको आणि नेस्ट दोन्हींना ही सोय आहे. म्हणजे डोकं बाहेर कोरडं, आत फक्त तोंड. आंघोळीला जाताना न्यायचा, येताना आणायचा, टॉवेलने पुसून खोलीत ठेवायचा. चार्जिंगला लावताना त्याचं रबरी झाकण उघडं असतं आणि तेवढ्या वेळात त्याचं सगळं वॉटरप्रूफपण गेलेलं असतं, म्हणून ओला असताना चार्जिंग नाही, आणि बाथरूममध्ये तर कधीच नाही. जुना पॉवर बँक जोडून स्मार्ट स्पीकरच आत ठेवायची युक्ती सुचेल, ती नको. २३० व्होल्टचा धोका जातो, पण वाफ तिथेच राहते, आणि वर लिथियमच्या बॅटरीला गरम दमट जागा.

बाथरूममध्ये माइक असावा का, हा वेगळा विषय. घरात पाहुणे येतात, त्यांना माहीत नसतं. स्पीकर बाहेर ठेवलात की तो प्रश्नही बाहेर गेला.

आता तुमच्या त्या शेवटच्या ओळीकडे. वडील पडले तर. स्पीकरच्या भरवशावर राहणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. वीज हवी, वायफाय हवं, पाण्याच्या आवाजात हाक ओळखली जायला हवी, आणि ती हाक मारणारा माणूस कमरेत कळ येऊन जमिनीवर पडलेला. त्याला त्या वेळी यंत्राचं नाव आठवेल? तो तुमचं नाव घेईल, नाहीतर नुसता कण्हेल. शिवाय अलेक्साच्या कॉलिंगमधून ११२ सारख्या आणीबाणीच्या नंबरला फोन लागत नाही. हे स्पीकर सोयीसाठी आहेत, सुटकेसाठी नाहीत.

त्याऐवजी वायरलेस डोअरबेल घ्या, पाच-सातशे रुपयांची. बटणावर शिंतोड्यांचं रेटिंग आहे ना ते बघा. काही बटणांना बॅटरीही लागत नाही, दाबण्याच्या जोरावरच त्यातून सिग्नल जाण्यापुरती वीज तयार होते. मिळाली तर तीच घ्या, म्हणजे सेल संपल्याचं ऐन वेळी कळायची भीती नाही. एकाच घंटेला दोन बटणं जोडता येतात असा सेट घ्या. एक बटण उभं राहून हात पोचेल तिथे. दुसरं जमिनीपासून फूटभर उंचीवर, कमोडच्या किंवा बसायच्या स्टुलाच्या बाजूला. पडलेल्या माणसाचा हात वर जात नाही, हे सगळे विसरतात. घंटेचा बॉक्स हॉलमध्ये नको, जिथे त्या वेळी घरातलं माणूस असतंच अशा ठिकाणी, बहुतेक घरांत स्वयंपाकघरात. मिक्सरच्या आवाजात ऐकू येते का तेही बघून ठेवा.

घंटा वाजली, तुम्ही धावलात, आणि दाराला आतून कडी. इथे माझं दुरुस्तीचं ज्ञान संपतं, पण माझ्या आईच्या वेळेला आम्ही हे भोगलं आहे म्हणून सांगतो. आमचं दार आत उघडणारं होतं आणि ती दाराला टेकूनच पडली होती. कडी तोडूनही दार वीतभर उघडेना. नंतर सुताराकडून दार बाहेर उघडणारं करून घेतलं आणि कडीच्या जागी बाहेरून नाण्याने फिरवून उघडता येणारं लॉक बसवलं. ते काम अर्ध्या दिवसाचं होतं. भिंतीला धरायला स्टीलचा दांडा, पायाखाली खरबरीत रबरी मॅट, आणि आंघोळीला बसायला चार पायांचा स्टूल. यातलं काहीच ॲपमध्ये नसतं.

म्हणजे तुमच्यासाठी क्रम असा: आज मल्टीप्लग काढणं आणि स्पीकर बाहेर आणणं. या आठवड्यात आरसीसीबी बघणं आणि एक्झॉस्ट दुरुस्त करणं, वायरमन एका फेरीत दोन्ही करील. डोअरबेल तर उद्याच मागवा. वॉटरप्रूफ स्पीकर सगळ्यात शेवटी, तोही बाहेरचा आवाज आत पुरत नसेल तरच.

राहिला तुमचा आजारी स्पीकर. मडक्यातून आल्यासारखा आवाज म्हणजे बहुधा कापडी जाळी आणि आतला कागदी कोन ओलसर झाला आहे, आणि माइकच्या बारीक भोकांत ओल किंवा पावडर बसली आहे. लगेच चालू करून बघायचा मोह आवरा. पूर्ण बंद करून, जाळी वर करून, पंख्याखाली तीन दिवस राहू द्या. तांदळाच्या डब्यात नको, तांदूळ ओल ओढण्यापेक्षा आपला भुसाच भोकांत सोडतो. हेअर ड्रायर नको, तो गरम हवेने ओल आणखी आत ढकलतो. उन्हात नको, जाळीचा गोंद सुटतो. तीन दिवसांनी चालू केल्यावर आवाज मोकळा झाला आणि हाक पहिल्या खेपेला ऐकू गेली तर नशीब, तो बाहेर पॅसेजमध्ये वर्षानुवर्षं चालेल. माइक बहिरेच राहिले तर आत गंज लागलेला आहे. कुणीतरी खोलून आयसोप्रोपिल अल्कोहोलने बोर्ड साफ केला तर वाचू शकतो, पण त्याचे पैसे किती मागतायत ते आधी विचारा, कधी कधी नवीनच परवडतो. वॉरंटीत बघायला गेलात तर ओल दिसल्यावर बहुतेक ठिकाणी नाही म्हणतात.

अ‍ॅडॉप्टर मात्र वेगळा तपासा. त्याच्या पिना काळ्या किंवा हिरवट झाल्या असतील, हलवल्यावर आत काही वाजत असेल, किंवा चालू असताना त्याच्याजवळ कान नेल्यावर बारीक चरचर ऐकू येत असेल, तर स्पीकर वाचला तरी तो फेकून द्या. फेकताना त्याची वायर कात्रीने कापून टाका, नाहीतर महिन्याभराने घरातलंच कुणीतरी तो ड्रॉवरमधून काढून कशाला तरी लावतं.